सगळीकडून होकार

मे महिना लागला की मला चौकशीचे फोन यायला लागतात. बदलापुरात हेंद्रेपाड्याला आमची बिल्डिंग जुनी, त्यात मी कॉलेजात गणित शिकवते, म्हणजे लोकांच्या लेखी मी भरवशाची साक्षीदार. "मॅडम, तुमच्या दुसऱ्या मजल्यावरचा तो मुलगा कसा आहे हो? भाचीसाठी विचारतोय." मी सांगते, चांगला आहे. कारण तो चांगलाच आहे. जिन्यात थुंकत नाही, म्हाताऱ्या माणसाच्या हातातली पिशवी घेतो. मग पलीकडचा माणूस खूश होऊन म्हणतो, "झालं तर मग! सगळीकडून चांगलंच ऐकू येतंय." इथं माझं डोकं फिरतं. सगळीकडून चांगलं ऐकू आलं, बरं, मग? त्यानं काय सिद्ध झालं? मी काहीतरी तुटक बोलून फोन ठेवते. घरातले म्हणतात, मे महिन्यात हिच्या वाटेला जाऊ नका.

जाऊच नका. माझ्या अंगात तो एक उन्हाळा अजून आहे. ऐंशीचं दशक संपून नव्वदचं लागत होतं, तेव्हाचा. आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. वर पत्रा. दुपारी बारानंतर पत्रा तडतड वाजायचा आणि आई त्यावर ओली पोती टाकायची. माझी बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा झाली होती, रिझल्ट जूनमध्ये. गल्लीत दिवसाआड हळद, दिवसाआड मांडव, कर्ण्यावर तीच चार गाणी. बारवी धरणाकडच्या बाया पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन यायच्या, आणि करवंदांचा चीक बोटाला चिकटलेला असताना मी वहीत आकडे लिहायची. ती वही आजही माझ्याकडे आहे. पानं जागोजागी एकमेकांना चिकटलीत.

आकडे कसले, ते सांगते. उल्हासनगरला कॉलेजात आम्हाला लालवानी सर होते. कॅम्प चारमध्ये जुन्या लष्करी बराकीतल्या दोन खोल्यांत राहायचे. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम खडू. मी घरी गेले की त्यांची बायको पहिल्यांदा पाणी आणि भाजलेला पापड पुढे ठेवायची. सिंध्यांच्या घरी पाणी नुसतं देत नाहीत. पापड मोडेपर्यंत सर बोलायचे नाहीत, आणि मोडला की थांबायचे नाहीत. परीक्षेशी संबंध नसलेलं गणित ते मला सुट्टीत फुकट शिकवायचे, का, ते त्यांनाच ठाऊक. मराठी-हिंदीची खिचडी करून म्हणायचे, "वैशाली, परीक्षा तो हो गई. आता थोडं गणित करू या."

त्यांनी आधी मला वर्गांची समीकरणं दिली. एका वर्गात दुसरा वर्ग मिळवला तर तिसऱ्या वर्गाची तिप्पट होईल, अशा तीन पूर्ण संख्या आहेत का? सगळ्याच शून्य, हे उत्तर चालणार नाही. मी शोधत बसले. सर म्हणाले, शोधू नकोस, तपास. कुठल्याही वर्गाला तीनानं भागलं तर बाकी शून्य उरते नाहीतर एक. दोन कधीच नाही. मग दोन वर्गांची बेरीज तीनाच्या पटीत यायची तर दोन्हींची बाकी शून्यच पाहिजे, म्हणजे त्या दोन्ही संख्या तीनाच्या पटीतल्या. मग तिसरीही तीनाच्या पटीतलीच निघते. तिघींना तीनानं भागा, परत तेच गाऱ्हाणं. पुन्हा भागा, पुन्हा तेच. पूर्ण संख्येला असं जन्मभर भागता येत नाही. म्हणजे उत्तर नाही. एकाच ठिकाणी, तीनाच्या ठिकाणी, समीकरण नापास झालं आणि खेळ खलास. हो, गणितात त्यांना ठिकाणंच म्हणतात. दोन, तीन, पाच, सात, अशी प्रत्येक मूळ संख्या हे एक ठिकाण. तिथं तिच्या आणि तिच्या घातांच्या बाकीची चाचणी घ्यायची. शिवाय एक चाचणी साध्या अधिक-उण्याची.

मग सरांनी खरी गंमत सांगितली. एका ठिकाणी नापास म्हणजे उत्तर नाही, हे कोणालाही कळतं. पण उलट काय? सगळ्या ठिकाणी पास झालं, तर उत्तर असतंच का? वर्गांच्या समीकरणांत असतंच, म्हणाले. हे सिद्ध झालेलं आहे. प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या संख्यांनी काम भागत असलं तरी चालेल, सगळीकडून होकार आला की मग एक खराखुरा, सगळीकडे चालणारा संच नक्की असतो. मी घरी परतताना वालधुनी नदीच्या पुलावर थांबले. कारखान्यांच्या रंगानं पाणी त्या दिवशी जांभळं होतं, उद्या हिरवं असेल, तेव्हा ते असंच असायचं. त्या घाण वासात नाकाला ओढणी लावून उभं राहून मी विचार करत होते की जगात इतकी न्यायाची गोष्ट असू शकते. सगळीकडे पास झालात, तर तुमचं होणार. आमच्या वस्तीतल्या पोरीला ही गोष्ट किती गोड लागली असेल, ते मी आता शब्दांत सांगत बसत नाही.

पुढच्या खेपेला सरांनी घनाचं समीकरण दिलं. एका संख्येच्या घनाची तिप्पट, दुसरीच्या घनाची चौपट, तिसरीच्या घनाची पाचपट, तिन्हींची बेरीज शून्य. उणे संख्या चालतील. "तपास," म्हणाले. मी तपासलं. दोनाच्या ठिकाणी एक, शून्य, एक घ्या: तीन आणि पाच आठ, दोनानं भाग जातो, पास. तीनाच्या ठिकाणी शून्य, एक, एक: चार आणि पाच नऊ, पास. पाचाच्या ठिकाणी एक, दोन, शून्य: तीन आणि बत्तीस पस्तीस, पास. सातला एक, एक, शून्य. वरच्या घातांसाठी आणि मोठ्या मूळ संख्यांसाठी सरांनी एक सरसकट युक्ती दाखवली, तीही पास. सर पापडाचा चुरा बोटानं टिपत म्हणाले, "हर जगह पास है."

मी वही उघडली आणि खरं उत्तर शोधायला लागले.

तिकडे घरात दुसरा तपास चालला होता. माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, हिनं माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. मुलगा सरकारी ऑफिसात, कल्याणला खोली घेऊन राहणारा. आई चामटोलीला, भातशेती. वडील नाहीत, मोठं माणूस म्हणजे चुलता, तो उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये. त्यांना पावसाच्या आत बार उडवायचा होता. मला एम.एस्सी. करायची होती, जुलैमध्ये प्रवेश. बाबांना मी सांगितलं होतं, शिकू देणार असतील तरच पुढं बोला. बाबा कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. प्रत्येक पार्ट गेजमध्ये घालून बघायचा, बसला तर खडूनं ओके लिहायचं, नाही तर बाजूला फेकायचा. आख्ख्या नात्यात कुणाची चौकशी करायची असली की बाबांनाच पाठवायचे. ते कधी घाई करत नसत आणि ऐकलेला एक शब्द विसरत नसत.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे. पहिल्या रविवारी कल्याण. मुलगा म्हणाला, "शिकू दे की, मला काय प्रॉब्लेम नाही." दुसऱ्या रविवारी चामटोली. मुलाची आई म्हणाली, "शिकंल तर शिकू दे, आमची ना कशाला?" तिसऱ्या रविवारी चुलता. "शिकायला कोण नको म्हणतंय साहेब? बाबासाहेबांची लेकरं आपण!" शिवाय ऑफिसात, शेजारी, विहारात, सगळीकडे मुलाबद्दल चांगलंच ऐकलं. बाबा आले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या रविवारच्या चौकटीत पेन्सिलीनं ओके लिहायचे. आत्या चहा ओतता ओतता मला म्हणायची, "बघ गं मास्तरणी, आता नाक मुरडायला कुठं जागा राहिली नाही." आणि मी काय केलं? मला वाटायला लागलं, खरंच की. सगळीकडून होकार आहे. मग मला का आवडत नाहीये? माझ्यातच काहीतरी खोट असणार.

ही चूक माझ्यासारखीनंच करावी. दिवसभर एक वही घेऊन मी तेच करत होते ना! सगळीकडे पास आहे म्हणजे उत्तर आहे, माझीच नजर तोकडी पडतेय. एक, एक, उणे एक घातलं तर तीन आणि चार सात, वजा पाच, दोन उरतात. फक्त दोनानं हुकतंय! अजून थोड्या मोठ्या संख्या घेऊ. शंभरापर्यंत गेले. दोनशेपर्यंत गेले. कॅलक्युलेटर नव्हता, घनांचा तक्ता हातानं केला होता. दोनशे पानी तीन वह्या भरल्या. उन्हानं डोकं उठायचं, आई म्हणायची, "मर आता त्या आकड्यांत."

मेच्या शेवटच्या आठवड्यात मी वह्या घेऊन सरांकडे गेले. पापड मोडलाच नाही. म्हटलं, "सर, सापडत नाही. कुठंय ते तेवढं सांगा."

सर म्हणाले, "नहीं है."

"काय नाही?"

"उत्तर. नहीं है बेटी. हर जगह पास है, और है ही नहीं. घनामध्ये असं होतं."

मला इतका संताप आला की कान गरम झाले. "मग महिनाभर मला का शोधायला लावलंत?"

"मैंने कहाँ लगाया? मी म्हटलं तपास. तू येऊन विचारलंस, कुठे आहे. है क्या, ते तू विचारलंच नाहीस."

लोक अशा गोष्टी ऐकून हात जोडतात, म्हणतात गुरू असावा तर असा. मी नाही जोडत. तीन वह्या आणि एक महिना गेला माझा, सांगायला काय झालं होतं? मी त्यांना तसं तोंडावर म्हटलं आणि ते खजील होऊन "हाँ, गलती मेरी भी है," म्हणाले. त्यांच्या बायकोनं त्यांना सिंधीत काहीतरी सुनावलं, तेवढं बरं वाटलं. मग सरांनी समजावलं. दोनाच्या ठिकाणचा होकार एका संचाचा, तीनाच्या ठिकाणचा दुसऱ्याच, पाचाचा तिसऱ्याच. प्रत्येक ठिकाण आपल्यापुरतं खरं बोलतं. कोणीच फसवत नाही. पण सगळ्यांना एकाच वेळी चालेल असा एक संच पाहिजे, आणि तो नाही. आणि तो नाही, हे कुठल्याही एका ठिकाणी उभं राहून दिसत नाही. त्याचा पुरावा फार लांबून, वेगळ्याच वाटेनं येतो. तो मला कळायला पुढं चार वर्षं लागली.

आज मी हे पोरांना शिकवते. सगळीकडचे होकार आणि खरं उत्तर यांच्यामधलं अंतर मोजायची सुद्धा रीत आहे. एका जातीच्या घन समीकरणांसाठी ते अंतर नेहमी मर्यादितच असतं असा लोकांचा अंदाज आहे, पण सगळ्यांसाठी ते अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. वर्गातली एखादी पोरगी तेवढ्यावर मान वर करते. मग मला तास संपूच नये असं वाटतं.

पण त्या दिवशी मी रिक्षातून परतले ती दात-ओठ खात. आणि घरी पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं की मी फक्त सरांवर चिडलेली नाही. बाबा पत्र्याखाली बनियनवर बसले होते. मी वहीचं कोरं पान फाडलं आणि म्हटलं, "बाबा, ते तिघं शिक्षणाबद्दल काय म्हणाले? नुसतं ओके नको. पूर्ण वाक्य सांगा."

बाबांनी सांगितलं, एकही शब्द न गाळता. मुलगा म्हणाला होता, शिकू दे, दोन वर्षांनी, क्वार्टर मिळालं की. आत्ता भाड्याच्या खोलीत कसं जमणार? चुलता म्हणाला होता, शिकू दे, पण जे काय ते पहिल्या दोन वर्षांत उरकून घ्या, नंतर पोरंबाळं झाली की कुठलं शिक्षण? आणि मुलाची आई म्हणाली होती, शिकू दे, फक्त जून ते दिवाळी सोडून, लावणी-कापणीला घरात बाई पाहिजे. तिघांचंही खरं. कोणीच खोटं बोललं नव्हतं. मी तिन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि बाबांपुढे पान ठेवलं. त्यांनी एकेका ओळीवर बोट फिरवलं.

"रविवारी चामटोलीला बोलणी आहे," ते म्हणाले. "ताईनं पेढे सांगितलेत. मी कळवतो काहीतरी. मुलीची तब्येत बरी नाही म्हणतो."

आमच्याकडे ही रीतच आहे. नाही कोणी म्हणत नाही. तब्येत बरी नसते, गावाकडे अडचण असते, वर्ष चांगलं नसतं. मी म्हटलं, "माझी तब्येत ठणठणीत आहे. मीच येते."

नवरी मुलगी बोलणीला जात नसते. आत्यानं मला चामटोलीच्या अंगणात बघितलं आणि तिचा पदर खांद्यावरून घसरला. "जयभीम" झालं, पाणी झालं, चुलत्यानं घसा साफ केला. मी पान काढलं. म्हटलं, "तुम्ही तिघांनी मला शिकू देईन म्हटलंत, त्याचे आभार. आता तिघं मिळून एक वर्ष सांगा. ज्या वर्षी तिघंही हो म्हणाल, असं एक."

चुलता हसला. "हे काय कोर्ट आहे का?" मग म्हणाला, "यंदाच घाला की नाव." मुलाची आई म्हणाली, "यंदा? जुलैत? आन लावणी तू करनार?" मुलगा म्हणाला, "काका, मी दोन वर्षांनी म्हटलं होतं." चुलता म्हणाला, "दोन वर्षांनी काय पाळणा टांगून कॉलेजात जाईल?" आई म्हणाली, "पाळण्याचं मी बघन, पण पावसात नाय." पाच मिनिटांत तिघं एकमेकांवर घसरले आणि मी कडेला उभी. शेवटी चुलता माझ्याकडे वळला. "मुलात दोष काय तो दाखव ना!"

"काहीच नाही," मी म्हटलं. "मुलगा चांगला आहे. तुम्हीही सगळे चांगले आहात. माझं उत्तर नाही आहे."

आत्या म्हणाली, "घात केलास गं कार्टे." आणि पुढं चार वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. बोलली नाही तर नाही. मी माफी मागितली नाही आणि आजही मागणार नाही.

चामटोलीहून बदलापूर स्टेशनपर्यंत आम्ही चालत आलो. डांबर तापलेलं, माझी चप्पल चिकटत होती. पेढ्यांचा पुडा बाबांच्या हातात तसाच. मला वाटत होतं आता बोलतील, चारचौघांत मान खाली घालायला लावलीस म्हणतील. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती, एकापेक्षा एक तिखट. बाबा एका झाडाखाली थांबले, घाम पुसला आणि म्हणाले, "मी कल्याणला गेलो, इथं आलो, कॅम्पात गेलो, विहारात गेलो. सगळीकडे विचारलं. तुला हा मुलगा पाहिजे का, हे तेवढं विचारलं नाही गं."

मी चपलेला चिकटलेलं डांबर दगडावर घासायला लागले.

"मग विचारतो आता," ते म्हणाले. "पाहिजे का?"

"नको."

"बरं," बाबा म्हणाले. त्यांनी पुडा सोडला, एक पेढा मला दिला, एक स्वतः खाल्ला, आणि आम्ही पुढं चालायला लागलो.